नवपेशी मंडळाचं मस्टर

"वैनी, अण्णांच्या बुटाला चिखलच नसतोय," असं मालनबाई मला सप्टेंबरात म्हणाल्या, तेव्हा मी अण्णांच्या फ्रिजवर आलेख चिकटवत होते.

मालनबाई माझ्या सासऱ्यांकडे, नल्लकुंट्याला, स्वयंपाक आणि वरकाम करायच्या. मूळच्या देगलूरकडच्या. त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती, त्यामुळे बोट न दाखवता त्यांनी हनुवटीनंच जिन्याखालचे बूट दाखवले.

"चिखल नाही म्हणजे अण्णा जपून चालतात," मी म्हटलं.

"जपून चाललं तरी बूट हालतो की हो. मी रोज झाडते. रोज तितंच असतोय, तसाच, नाकं भिंतीकडं."

माझ्या पर्समध्ये ऑगस्ट महिन्याच्या हजेरीची झेरॉक्स होती. एकतीस दिवस, एकतीस सह्या. एका बाजूला झाडूवाल्या हाताचं निरीक्षण, दुसऱ्या बाजूला कागद. मी पुण्याहून संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, पहिल्या वर्गात. मी कागदावर विश्वास ठेवला. वर मालनबाईंना म्हटलं, "बूट दोन जोड असतील." त्या कणीक मळायला आत गेल्या.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, कुकटपल्लीत, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आमच्या नव्या वस्तीत, मेंदूला फार मागणी होती. आमच्या इमारतीपासून बसस्टॉपपर्यंत चौदा क्लासचे बोर्ड होते. चौथीपासून इंजिनीअरिंगची तयारी करून देणारे, मण्यांवर गुणाकार शिकवणारे, एक तर गर्भवतींसाठी होता. औषधाच्या दुकानात स्मरणशक्तीचं टॉनिक दोन चवींत मिळायचं. नवरे सगळे कॉम्प्युटरमधले, त्यातले निम्मे अमेरिकेत दोन हजार सालाची तारीख दुरुस्त करायला गेलेले. माझा पराग त्यांच्यातच होता, न्यू जर्सीला. मी तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, साडेचार वर्षांच्या चिन्मयबरोबर. गॅलरीचा कठडा माझ्या कमरेइतका. त्या कठड्याचीच स्वप्नं मला पडायची.

आणि तिकडे नल्लकुंट्यात अण्णा विसरायला लागले होते.

माझे सासरे भगवंतराव सेलूकर. शिक्षण खात्यातून उपसंचालक म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर एकटेच राहायचे. आधी चिन्मयला पराग म्हणू लागले. ते कुणीही म्हणतं. मग एकदा कुकरमध्ये पाणीच घातलं नाही. मग जुलैत गॅस पेटवून ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसले, ते मालनबाई आल्या म्हणून निभावलं. परागनं फोनवर निर्णय दिला: अण्णांना कुकटपल्लीला आण.

अण्णा म्हणाले, "कुकटपल्ली मी बसच्या खिडकीतून बघितलेली आहे. तेवढी पुरे."

"अण्णा, तुम्ही एकटे..."

"एकटा कसा? इथं नाक्यापर्यंत जाईतो सात जण नमस्कार करतात. तिथं मला कोण ओळखतं? लिफ्टवाला?"

आमच्याकडे लिफ्ट नव्हती, पण ते मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही ते यायला नको होते. त्यांच्यावर राग म्हणून नाही. गॅस, कठडा, चिन्मय आणि विसरणारा माणूस, हे चार एका घरात मांडायला मी तयार नव्हते. अण्णांना त्यांच्या घरात राहायचं होतं आणि मला ते त्यांच्या घरात ठीक राहायला हवे होते.

अशात एका रविवारी पेपरच्या पुरवणीत उंदरांची बातमी आली. आमच्या पुस्तकांत असं होतं की मेंदूच्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, पुढे फक्त कमी होत जातात. आता म्हणे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत उंदरांना पिंजऱ्यात फिरतं चाक दिलं, ते त्यात धावले, आणि आठवणींचं काम जिथं चालतं त्या भागात नव्या पेशी जवळजवळ दुपटीनं आढळल्या. माणसाच्या मेंदूतही म्हातारपणी नव्या पेशी जन्मतात असा पुरावा मिळाला होता. मी ती बातमी तीनदा वाचली. मग कापून लॅमिनेट करून आणली. कुकटपल्लीत तेव्हा सगळंच लॅमिनेट व्हायचं.

पुढच्या रविवारी मी अण्णांसमोर करार ठेवला. एक ऑगस्टपासून रोज सकाळी बागेत चाळीस मिनिटं चालायचं. नोव्हेंबरात बघू. चाललात तर इथंच राहा. नाही चाललात तर कुकटपल्ली.

अण्णांनी चष्मा लावला. "लेखी द्या."

मी वहीच्या पानावर लिहून दिलं. त्यांनी समासात 'पाहिले' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली. इंग्रजीतली सही, बी चं पोट मोठं, शेवटी खाली ओढलेली रेघ. त्या सहीनं पस्तीस वर्षं शाळांना मान्यता दिली होती.

प्रश्न होता चालल्याचा पुरावा कसा मिळायचा. मी सकाळी चिन्मयला सोडून येऊ शकत नव्हते. तेव्हा अरविंदराव मदतीला आले. अरविंदराव उदगीरकर अण्णांच्याच ऑफिसात हेडक्लार्क होते, दोन घरं सोडून राहतात. बायको वारलेली, मूलबाळ नाही.

"हजेरीचं माझ्यावर टाका मेधाबेटा," ते म्हणाले. "खामखा परेशान होऊ नका. सगळा बंदोबस्त करतो."

बंदोबस्त म्हणजे मस्टर. कुठल्याशा कपाटातून त्यांनी कोरं रजिस्टर काढलं, लाल शाईनं रकाने आखले. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही, शेरा. वर ठळक अक्षरांत 'नवपेशी प्रभातफेरी मंडळ'. दोन दिवसांत अकरा सभासद झाले, सगळे पेन्शनर. पहिल्या सकाळी मी चिन्मयला घेऊन स्कूटरवर मुद्दाम गेले. अकराही जणांनी रांगेत उभं राहून सह्या केल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की जणू ऑफिस पुन्हा उघडलं. सह्या झाल्यावर चौघं चालायला लागले. बाकीचे बाकावर बसले.

"काका, एक सांगायचं राहिलं," मी अरविंदरावांना म्हटलं. "उंदीर आपल्या मर्जीनं धावले होते. ज्यांना जबरदस्तीनं पोहायला लावलं त्यांच्यात तसा फरक दिसला नाही म्हणे."

"हौ? मग मर्जीचा रकाना टाकतो." आणि तिथल्या तिथं पट्टी काढून त्यांनी शेऱ्याच्या आधी एक रकाना आखला: स्वेच्छेने, होय किंवा नाही.

"असं विचारून कळतं का?"

"न कळायला काय झालं?" त्यांनी बाकावरच्या एका गृहस्थांकडे बघितलं. "यांच्या कारखान्यात तीन दिवसांत बाराशे लोक स्वेच्छेनं निवृत्त झाले. प्रत्येकाचा अर्ज आहे."

ते गृहस्थ चप्पल काढून त्यातला खडा झटकत राहिले. रकान्यात सगळ्यांनी 'होय' लिहिलं. अण्णांनीही.

दर शनिवारी अरविंदराव झेरॉक्स काढून ठेवायचे. मी ती आणायची, आलेख काढायची, इंटरनेटच्या दुकानात बसून परागला ईमेल करायची. त्याचं उत्तर यायचं: "अण्णांचा ट्रेंड छान आहे. वीकली स्टेटस असंच ठेव. चिन्मयचंही सुरू कर." म्हणून मी चिन्मयला रोज इमारतीच्या पाण्याच्या टाकीभोवती दहा फेऱ्या मारायला लावू लागले. ऑक्टोबरात एका मोठ्या शाळेत त्याची मुलाखत झाली. बाईंनी विचारलं, तुला काय आवडत नाही? तो म्हणाला, "टाकी." प्रवेश मिळाला नाही.

मी स्वतः कधी चालले नाही. मला वेळ नव्हता. मी सगळ्यांचं चालणं मोजत होते.

रविवारी अण्णांची परीक्षा असायची. ताटात दहा वस्तू ठेवायच्या, झाकायच्या, विचारायच्या. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी सात सांगितल्या. सप्टेंबरात पाच. दसऱ्याला तीन, त्यातली एक वस्तू ताटात नव्हतीच. हजेरी शंभर टक्के आणि आठवण खाली, हे दोन्ही एकाच कागदावर दिसत होतं. संख्याशास्त्राच्या बाईला त्यावरून काय सुचायला हवं होतं? मला सुचलं ते असं: नव्या पेशी अजून रुळल्या नाहीत. मी शेऱ्यात लिहिलं, 'कालावधी अपुरा.'

रोज आठ वाजता मी फोन करायची. "चाललात ना अण्णा?"

"मस्टर बघ," अण्णा म्हणायचे.

मालनबाईंनी पुन्हा एकदा, ऑक्टोबरात, विषय काढला. "वैनी, अण्णा सकाळी पडदा सारून बघतेत रस्त्याकडं. कुनी येतंय का काय असं. मग आत येऊन बसतेत."

"फिरून आल्यावर दमत असतील," मी म्हटलं.

"असतील," मालनबाई म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणून त्यांनी काही सांगितलं नाही.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत समक्ष जाऊन आपण हयात आहोत असा दाखला द्यावा लागतो. मी चिन्मयला शेजारी ठेवलं आणि अण्णांना रिक्षानं घेऊन गेले. अरविंदरावांनाही दाखला द्यायचा होता, तेही आमच्याबरोबर होते. घरातून निघताना अण्णांनी माझा दंड धरला तो बँकेत खुर्चीवर बसेपर्यंत सोडला नाही. तीन महिने रोज चालणाऱ्या माणसाचं पाऊल असं पडतं का, हा विचार माझ्या मनात आला. मी तो बाजूला सारला.

काउंटरवरचा क्लार्क तेलुगू होता, चाळिशीचा, सगळ्यांना आदरानं गारू म्हणणारा. त्यानं फॉर्म पुढे केला. अण्णांनी पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं आणि थांबले. मागची रांग खाकरली. मी म्हटलं, "अण्णा, सही."

त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. सावकाश, जीभ ओठात धरून, सुरेख वळणाच्या उर्दूत त्यांनी आपलं नाव लिहिलं. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकले होते हे मला माहीत होतं, पण त्यांना ती अक्षरं काढताना मी कधी पाहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी क्लार्ककडे असं बघितलं, की जणू आता मास्तर पाटी तपासतील.

"ये क्या है गारू?" क्लार्क म्हणाला. "मॅच नई होता."

"थांबा, थांबा," मी म्हटलं आणि पर्समधून झेरॉक्स काढल्या. "हे रोज सही करतात. ऑगस्टपासून. बघा."

त्यानं बँकेतलं नमुना-सहीचं कार्ड काढलं आणि माझे कागद शेजारी ठेवले. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. मग चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघितलं.

"ये तो एकदम बराबर है अम्मा. कार्ड से भी बराबर." त्यानं बोट सह्यांवरून खाली सरकवलं. "पैले के थोडे दिन छोडके सब एक जैसा. कोई आदमी खुद की सैन इतना बराबर नई करता. ये जो करा ना, उनकू लेके आओ."

मी वळून अरविंदरावांकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

शेवटी मॅनेजरनं अंगठा घ्यायला सांगितलं. ज्या हातानं हजारो लोकांचे दाखले खरे ठरवले होते, त्या हाताचा अंगठा मी धरून शाईवर टेकवला. अण्णा शिपायाला म्हणाले, "पॅड वाळलंय तुमचं. दोन थेंब पाणी टाकत जा." हे त्यांना आठवत होतं.

अण्णांना बाकावर बसवून मी अरविंदरावांना पायऱ्यांवर गाठलं.

"कधीपासून, काका?"

"वीस ऑगस्ट. त्या दिवशी साहेब बागेच्या मागच्या गेटातून निघाले ते सापडेनात. आम्ही सगळी चमनं धुंडाळली. दुपारी अफझलगंजला मिळाले, लायब्ररीच्या पायरीवर बसलेले. बसनं गेले होते. मला म्हणाले, हॉस्टेलचा दरवाजा बंद आहे, वॉर्डन आला की उघडेल. घरी आणलं. भानावर आले तसे रडले. म्हणाले, सूनबाईला सांगू नको, ती कुकटपल्लीला नेईल. दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायलाच घाबरायचे."

"मग सह्या?"

"आधी मी मस्टर घरी न्यायचो. ते करायचे. मग एक दिवस पेन धरून रकान्याकडे बघत बसले. अर्धा तास. मी म्हटलं, आणा साहेब, इकडे. बत्तीस वर्षं त्यांच्या सहीचे कागद मीच पुढे सरकवलेत. त्या बी चं पोट मला झोपेत काढता येतं."

"तीन महिने मी आलेख काढत होते, काका."

"सुंदर होते," अरविंदराव म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

माझा आवाज चढला. आत बसलेले लोक बघू लागले. "तुम्ही मला सांगायला हवं होतं. डॉक्टरकडे नेलं असतं. कुणीतरी हात धरून फिरवलं असतं. त्यांचं राहतं घर वाचवायला म्हणून केलंत आणि त्यांना घरात कोंडून ठेवलंत."

"तुम्ही सह्या मागितल्या बेटा," ते म्हणाले. "सह्या आम्ही दिल्या. चालणं हवं असतं तर एखाद्या सकाळी आला असतात."

याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी वाईट बोलले. त्यांनी खाली बघून ऐकून घेतलं आणि आपला स्वतःचा दाखला न देताच घरी गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. मी परागला सगळं कळवलं. सगळं म्हणजे मस्टरचं. मालनबाईंचं नाही, ते मी गाळलं. परागनं रागाच्या भरात मंडळातल्या बाकी सभासदांच्या मुलांना ईमेल केले. ह्यूस्टन, डॅलस, सिंगापूरहून फोन आले. मस्टर तपासलं तेव्हा अकरापैकी सहा जणांच्या सह्या एका हाताच्या निघाल्या. कुणाचे गुडघे, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एक जण तर महिनाभर मुलीकडे नांदेडला. सगळे हजर, सगळे स्वेच्छेनं. मुलांनी आपापल्या वडिलांना दमात घेतलं, तिघांना घरच्या घरी चालायचं विजेवरचं मशीन घेऊन दिलं, आणि मंडळ बंद झालं.

अण्णा करार हरले. डिसेंबरात मी त्यांना कुकटपल्लीला आणलं. कठड्याला जाळी बसवून घेतली. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून घेतले, पांढऱ्या उजेडात धरून दाखवले, म्हणाले आजार आहे, वाढत जाणार. मी विचारलं, ते तीन महिने चालले असते तर? डॉक्टर म्हणाले, उंदरांचं सांगता येतं, यांचं सांगता येणार नाही. पण चालले असते तर माणसांत राहिले असते.

आता सकाळी मी त्यांचा हात धरून टाकीभोवती फिरवते. चिन्मय बोलावलं नाही तरी मागून येतो. दोन फेऱ्यांनंतर अण्णा विचारतात, "नल्लकुंट्याची बस इथूनच लागते ना?" मी म्हणते, अजून आली नाही. मग आणखी एक फेरी होते. कुणाच्या पेशी वाढतात की नाही ते मी पाहायचं सोडलं आहे.

हे लिहायचं कारण अण्णा नाहीत. ते माझ्या नजरेसमोर आहेत. कारण अरविंदराव आहेत.

ते मस्टर मी नंतर पुन्हा नीट चाळलं. त्यांची स्वतःची हजेरी मात्र शंभर टक्के खरी होती. एकशे सहा दिवस, पहाटे साडेपाचला, पावसातसुद्धा, कारण कुणीतरी रजिस्टर घेऊन जायला हवं. आधी बाग, मग अण्णांचं घर, मग गुडघेवाल्यांचं, मोतीबिंदूवाल्यांचं. मंडळातला रोज खरोखर चालणारा माणूस तो एकच होता, आणि चालायला जे कारण होतं ते आम्ही काढून घेतलं. मंडळी आता त्यांच्याशी बोलत नाहीत. मुलांसमोर लाज गेली म्हणतात. मालनबाई हल्ली त्यांच्या गल्लीत दुसऱ्या घरी कामाला आहेत. त्या म्हणाल्या, "उदगीरकरकाका दिसंनात वैनी. दिवसा लाईट जळत असतोय." या वेळी मी लगेच स्कूटर काढली.

पहिल्यांदा गेले तेव्हा आतून आवाज आला, "मी ठीक आहे. आत यायला परवानगी नाही." दुसऱ्यांदा, "ठीक आहे म्हणून लिहा." गेल्या रविवारी गेले तेव्हा नुसता रेडिओ चालू होता, आणि माझ्या हाकेला उत्तर नव्हतं. खिडकीतून खुर्चीची पाठ दिसली. ती हलल्यासारखी वाटली, पण मला वाटलेल्या गोष्टींवर आता माझा फारसा भरवसा नाही. शेजारी म्हणाले, सकाळी दूध आत घेतात ते, पण तुमच्यासाठी नाही उघडणार, बाई. ते बरोबर असावं.

आपल्या मराठी मंडळाचा हा अंक नल्लकुंटा, विद्यानगर, बरकतपुऱ्यात बऱ्याच मराठी घरी जातो. तुमच्यापैकी कुणी तिथं राहत असाल तर शंकर मठाच्या मागच्या गल्लीत, निळ्या फाटकाचं तिसरं घर. माझं नाव घेऊ नका. सकाळी साडेपाचला जा, त्या वेळेला त्यांना जाग असते. म्हणा, काका, बागेपर्यंत येता का, मला एकट्याला कंटाळा येतो. आतून ठीक आहे म्हणाले तर परत फिरू नका. त्यांनी दार उघडेपर्यंत तिथंच थांबा.